रूबीची आठ सोंगं

मराठी घरात नुसतं 'सुलोचना' म्हटलं की सुलोचनादीदी उभ्या राहतात. डोक्यावरून पदर, सोशिक डोळे, कुणाची तरी आई. गाण्याची आवड असलेल्या घरात सुलोचना चव्हाणांची लावणी आठवते. मला जिच्याबद्दल लिहायचंय ती सुलोचना या दोघींच्याही आधीची. पुढे सुलोचनादीदी सिनेमात आल्यावर घोटाळा नको म्हणून हिला 'थोरली' म्हणून ओळखायची वेळ आली. जन्माने ती पुणेकर, १९०७ सालची. पण पुण्यातल्या गप्पांत तिचं नाव निघालेलं मी कधी ऐकलेलं नाही. तिचं खरं नाव रूबी मायर्स.

पुणे लष्करातलं लाल देऊळ सगळ्यांना माहीत असतं. लाल विटांचं, चर्चसारखा उंच मनोरा असलेलं ते सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं. हेच ससून रुग्णालयाच्या नावातले ससून. त्यांची समाधीही त्याच आवारात आहे. ससून बगदादी ज्यू होते, आणि रूबीही त्याच समाजातली. आपल्याला ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्राएल आठवतात, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. पेणकर, राजपूरकर अशी आडनावं लावणारे, घरात मराठी बोलणारे. बगदादींचं तसं नव्हतं. ते व्यापारासाठी बगदाद-बसऱ्याकडून आले, मुंबई, पुणे आणि कलकत्त्यात स्थिरावले, अरबी मागे पडत गेली आणि तिची जागा इंग्रजीने घेतली. या मातीतल्या भाषा त्यांच्या घरात उंबऱ्यापाशीच थांबत असाव्यात. रूबीच्या कहाणीत ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते, म्हणून आधीच सांगून ठेवली.

रूबी नोकरीला लागली ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून. तेव्हा फोन उचलला की आधी एक्स्चेंजमधल्या बाईचा आवाज यायचा, नंबर तिला सांगायचा आणि ती जोडून द्यायची. चेहरा कुणालाच दिसत नसे. मोहन भवनानी हे कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक. त्यांनी या मुलीला सिनेमात येण्याबद्दल विचारलं तेव्हा तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. अभिनय तिला येत नव्हता, आणि चांगल्या घरच्या मुलीचं ते काम नव्हे, हे तर सगळेच म्हणत. भवनानींनी नाद सोडला नाही. शेवटी ती तयार झाली. आवाजावर पोट भरणारी आणि चेहरा न दिसणारी मुलगी, चेहराच विकणाऱ्या आणि आवाजच नसलेल्या धंद्यात शिरली.

चांगल्या घरच्या मुली सिनेमात येत नाहीत ही अडचण तोवर बरीच जुनी झाली होती. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. शेवटी खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवून त्यांनी ती उभी केली. त्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कोवळ्या वयाची मुलगी कमला या दोघी आल्या, पण त्या मुळात नाटक कंपनीतल्या. त्यानंतर दहा-बारा वर्षांनीही नायिकेची चणचण होतीच. मग निर्मात्यांची नजर गेली अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींकडे. त्या नोकऱ्या करत होत्या, फ्रॉक घालत होत्या, एकट्या ट्रामने फिरत होत्या. आपल्या समाजाच्या कुठल्याच चौकटीत त्या नीट बसत नव्हत्या, म्हणून चौकट मोडली अशी तक्रार करायलाही कुणी नव्हतं. त्यांना कामावर घेतलं आणि नावं मात्र पोथीतली दिली. रेने स्मिथची सीतादेवी झाली, एफी हिपोलेटची इंदिरादेवी झाली, आणि रूबी मायर्सची झाली सुलोचना. मेघनादाची सती गेलेली बायको! पडद्यावर घोड्यावर बसणाऱ्या, टाइपरायटर बडवणाऱ्या मुलीला हे नाव कुणी सुचवलं असेल, त्या माणसाच्या विनोदबुद्धीचं मला कौतुक वाटतं.

१९२५ च्या 'वीरबाला'पासून तिची सुरुवात झाली. पुढच्या वर्षभरातल्या सिनेमांची नावं नुसती वाचली तरी त्या काळातली मुंबई दिसते. 'टायपिस्ट गर्ल', 'टेलिफोन गर्ल'. टेलिफोन ऑपरेटरचं काम सोडून आलेली मुलगी पडद्यावर टेलिफोन ऑपरेटरच झाली. आपले लोक पौराणिक सिनेमांना हात जोडून बसत होते, हे खरं. पण त्याच थिएटरात, दुसऱ्या आठवड्यात, नोकरी करणारी, स्वतःच्या पगाराची मुलगीही ते बघत होते, ही गोष्ट आपण सिनेमाचा इतिहास सांगताना सोयीस्कर विसरतो. आपल्या इतिहासात फाळक्यांनंतर एकदम 'आलम आरा' येतो आणि त्याच्यानंतर 'प्रभात'. मधली सगळी वर्षं जणू कुणी सिनेमाच पाहत नव्हतं.

पुण्याच्या अभिमानाची तर मला गंमतच वाटते. कोल्हापूरहून १९३३ साली इथे आलेली 'प्रभात' आपण आपली म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण सुलोचनेला मोठी करणाऱ्या इम्पीरियल फिल्म कंपनीचे मालक अर्देशिर इराणी पुण्यात जन्मलेले. तिचा कायमचा नायक दिनशा बिलिमोरिया खडकीत जन्मलेला. आणि ती स्वतः इथलीच. मालक, नायक आणि नायिका असे तिघेही पुण्याचे, त्यांनी मुंबईत जाऊन अख्ख्या देशाला वेड लावलं, आणि आपल्या पुण्याच्या गौरवगाथांत त्यांचा उल्लेख क्वचितच. एक इराणी, एक पारशी, एक ज्यू. हे कारण असेल का? मला वाटतं, आहे.

आता तिच्या ज्या सिनेमावर माझा जीव जडलाय, त्याबद्दल. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे', १९२७ सालचा, दिग्दर्शक भवनानीच. त्यात सुलोचनेने आठ भूमिका केल्या होत्या. माळी, पोलीस शिपाई, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं उनाड पोरगं, युरोपियन मड्डम, केळी विकणारी म्हातारी अशी सगळी सोंगं एकाच सिनेमात. वीस वर्षांच्या मुलीने केलेली! याच मुंबईत याच सुमारास बालगंधर्व शालू नेसून रंगभूमीवर यायचे आणि बायका त्यांच्या साडीची, अंबाड्याची नक्कल करायच्या. ते आपल्याला शंभरदा सांगून झालंय, त्यावर पुस्तकं आहेत, सिनेमा आहे. त्या गावात एक बाई पोलीस शिपाई होऊन फिरत होती आणि लोक तिकिटं काढून बघत होते, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

हे जमलं कसं, याचा मी बराच विचार केलाय. मला वाटतं याचं श्रेय मूकपटाच्या मुकेपणालाच द्यायला हवं. हैदराबादी गृहस्थाला तोंड उघडावं लागलं असतं तर हैदराबादची उर्दू लागली असती. केळेवालीला गिऱ्हाइकाशी घासाघीस करायला मुंबईची मराठी किंवा गुजराती लागली असती. इथे तसं काही नव्हतं. चालणं, बघणं, मान वळवणं, हात हलवणं एवढ्यावर माणूस उभा करायचा. बोलायचं ते पाट्यांवर यायचं, आणि पाट्याही एकाच वेळी गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा चार-चार भाषांत. वाचता येणारा एखादा मोठ्याने वाचायचा आणि आजूबाजूचे ऐकायचे. सुलोचनेचा आवाज म्हणजे थिएटरात पुढच्या बाकावर बसलेल्या कुणा अनोळखी माणसाचा आवाज. कराचीत तो एका भाषेत यायचा, सोलापुरात दुसऱ्या. ती त्या सगळ्यांची होती कारण तिची स्वतःची भाषा कुणाच्याच कानावर पडत नव्हती. गावात येणारा बहुरूपी आज हवालदार, उद्या साधू होतो, पण तोंड उघडलं की पोरं त्याला ओळखतात. सुलोचनेला ती भीतीच नव्हती.

तो सिनेमा मात्र बघायला मिळत नाही. आपल्याकडे मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास सिनेमे निघाले, उरले अगदी मोजके. नायट्रेटची फिल्म भसकन पेट घेते, ओल्या हवेत चिकटते, भुगा होते, आणि तिच्यातली चांदी काढून विकता येते. बोलपट आल्यावर जुन्या मूकपटांना कुणी विचारेना, मग ती डबडी सांभाळणार कोण? पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ साली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. 'वाइल्डकॅट'बद्दल आपण जे बोलतो ते फोटो, जाहिराती आणि आठवणी यांच्या आधारे. म्हणून अभिनेत्री म्हणून ती कितपत थोर होती हे ठामपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ती लोकप्रिय होती, अफाट लोकप्रिय होती, हे मात्र नक्की सांगता येतं.

त्या लोकप्रियतेचा एक दाखला मला फार आवडतो. महात्मा गांधींच्या हस्ते खादी प्रदर्शनाचं उद्घाटन झालं, त्याची छोटी फिल्म दाखवायची होती. तिच्या जोडीला काय लावलं? 'माधुरी' या मूकपटातला सुलोचनेचा नाच, तोही ध्वनीची जोड देऊन. गांधीजी चरख्याचा मंत्र देणार आणि पाठोपाठ सुलोचना नाचणार. गांधीजींना हे कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं हा भाग वेगळा, पण थिएटरवाल्याने आपली माणसं बरोबर ओळखली होती.

१९२८ सालची 'अनारकली'ची शर्यतही अशीच. लाहोरच्या कंपनीने इम्तियाज अली ताज यांच्या नाटकावर सिनेमा काढायला घेतला, थाटामाटात, सीतादेवीला घेऊन. ही बातमी लागल्यावर इम्पीरियलने आर. एस. चौधरींना कामाला लावलं, सुलोचनेला अनारकली केलं आणि लाहोरवाल्यांच्या आधी सिनेमा लावूनही टाकला. लाहोरचा सिनेमा नंतर आला आणि मागे पडला. दोन्हीकडे सलीमसाठी भिंतीत चिणली जाणारी दासी, आणि दोन्हीकडे ती दासी झालेली मुलगी इंग्रजी नावाची. मुघल दरबाराची खरी गंमत आपल्या सिनेमावाल्यांनाच कळली होती.

तिच्याबद्दल लिहिणारे सगळे एक वाक्य हमखास लिहितात, की तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता. तिला भरात असताना महिन्याला पाच हजार रुपये मिळत होते. १९३५ च्या कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार ठरला होता वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार. तेव्हा हिशोब जमत नाही. पण लोकांना तो जमवावासा वाटला, यातच काय ते आलं. गोऱ्या लाटसाहेबापेक्षा आपली सुलोचना भारी, ही कल्पनाच गोड होती. आणि पाच हजारही काही थोडके नव्हते. तिच्याकडे शेव्हरोले गाडी होती, १९३५ ची, नवी कोरी.

या १९३५ सालाकडे जरा नीट बघा. कारण मूकपटाच्या तारकांची म्हणून जी ठरलेली गोष्ट सांगितली जाते, तिच्यात हे साल बसत नाही. त्या गोष्टीत बोलपट येतो, मायक्रोफोनसमोर नटीची फजिती होते, आणि ती अंधारात नाहीशी होते. सुलोचनेचीही गोष्ट तशीच सांगतात. सुरुवात तशी आहेही. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, इम्पीरियलचाच, आणि त्याची नायिका होती झुबेदा. इम्पीरियलची पट्टराणी सुलोचना, पण तिची हिंदुस्थानी कच्ची होती. इंग्रजीत वाढलेल्या मुलीला दरबारी उर्दू कुठून येणार? ज्या मुकेपणाने तिला सगळ्यांची केलं होतं तो गेला, आणि ती एकाएकी परकी ठरली.

पण त्यानंतर तिने जे केलं ते सांगायला लोक विसरतात. तिने एक वर्ष काम थांबवलं आणि भाषा शिकली. पंचविशीच्या आसपासची, देशातली सगळ्यांत मोठी नटी विद्यार्थिनी होऊन बसली. आणि १९३२ मध्ये 'माधुरी' पुन्हा आला, या वेळी बोलणारा. मग तिने स्वतःचेच गाजलेले मूकपट एकामागून एक बोलते केले. १९३५ मध्ये पुन्हा 'अनारकली', १९३६ मध्ये 'वाइल्डकॅट'चा 'बंबई की बिल्ली'. आणि १९२९ चा 'इंदिरा बी.ए.' १९३४ मध्ये आला तो 'इंदिरा एम.ए.' होऊन. पाच वर्षांत इंदिरेने पुढची परीक्षा दिली होती! हा विनोद कुणी जाणूनबुजून केला की सहज झाला कुणास ठाऊक, पण वर्षभर धडे गिरवून परत आलेल्या नटीला याहून योग्य नाव नव्हतं. पाच हजारांचा पगार, शेव्हरोले, बिलिमोरियाबरोबरची जोडी आणि पडद्याबाहेरचं प्रेम, हे सगळं या बोलपटांच्या वर्षांतलं. मायक्रोफोनने तिला संपवलं नाही. मायक्रोफोनला तिने वर्षभरात गुंडाळलं.

मग संपवलं कशाने? १९३३ ते १९३९ ती आणि बिलिमोरिया एकमेकांशिवाय काम करत नव्हते. प्रेम संपलं, जोडी फुटली आणि दोघांचीही घसरण सुरू झाली. इम्पीरियल १९३८ मध्ये बंद पडली, म्हणजे पगारी नटांचा आधारच गेला. १९३० च्या दशकाच्या मध्यात तिने 'रूबी पिक्स' ही स्वतःची संस्था काढली होती, तीही तिला तारू शकली नाही. ही सगळी कारणं खरी आहेत, पण मला वाटतं मुख्य कारण याहून साधं होतं. ती तिशी ओलांडून गेली. भाषा शिकता येते. तीस वर्षांच्या बाईला परत वीसची होता येत नाही, आणि आपल्या सिनेमाला वीसच्या पुढची नायिका त्या वेळी नको होती. अजूनही फारशी हवी असते असं नाही.

१९४७ चा 'जुगनू' या बाबतीत मासलेवाईक आहे. दिलीपकुमार आणि नूरजहाँचा सिनेमा, कॉलेजातल्या पोरापोरींचा. सुलोचना त्यात वयस्क बाई, आणि तिच्यावर तिच्याच वयाचा एक प्राध्यापक भाळतो. मुंबई सरकारने या सिनेमावर बंदी घातली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते, आणि बंदीमागे या उतारवयातल्या प्रेमप्रकरणाचाही हात होता असं सांगतात. सुलोचना तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांची होती. वीस वर्षांपूर्वी हिच्याच नाचाच्या शेजारी गांधीजींची फिल्म लागली तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नव्हता. आता चाळिशीतल्या बाईकडे एका माणसाने प्रेमाने पाहिलं तर राज्याची नीतिमत्ता धोक्यात आली.

१९५३ ची 'अनारकली' मी पहिल्यांदा पाहिली ती सी. रामचंद्रांच्या गाण्यांसाठी. बीना रॉय अनारकली, प्रदीपकुमार सलीम. जोधाबाई झालेली बाई कोण हे तेव्हा मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असंही वाटलं नव्हतं. राजमाता म्हणजे दागिने, पदर आणि मुलासाठी बापापुढे केलेली विनवणी. नंतर कळलं, की १९२८ आणि १९३५ या दोन्ही 'अनारकली' ज्या बाईने गाजवल्या तीच ही. मग तो सिनेमा परत बघितला, या वेळी गाणी पुढे ढकलून. अनारकली नाचत असते आणि शेजारी तिची सासू होऊ न शकलेली बाई बघत असते. हिला तो नाच आतून माहीत असणार. आणखी एक गोष्ट म्हणजे या सिनेमाचे दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल यांनीच 'इंदिरा एम.ए.' केला होता. नायिका म्हणून तिला उभं करणाऱ्या माणसाने वीस वर्षांनी तिला सलीमची आई म्हणून उभं केलं. सेटवर त्या दोघांचं एकमेकांत काय बोलणं झालं असेल?

पुढची पंचवीस वर्षं मी भरभर सांगतो, कारण तीही तशीच गेली. आई, आंटी, पार्टीत उभी असलेली म्हातारी मेमसाहेब. १९७५ च्या 'ज्यूली'त ती छोट्याशा भूमिकेत आहे. त्याच सिनेमात ज्यूलीची आई झालेली नादिरा, म्हणजे फ्लॉरेन्स इझिकिएल, हीसुद्धा बगदादी ज्यू. अँग्लो-इंडियन घर दाखवायचं तर दोघींची नावं आपल्या सिनेमाला बरोब्बर आठवली.

'ज्यूली'च्या आधीच तिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला होता, १९७३ सालचा. तो मिळालेली ती पाचवी व्यक्ती आणि देविकाराणीनंतरची दुसरी स्त्री. ज्या फाळक्यांना आपल्या पहिल्या सिनेमात बाईच मिळाली नव्हती त्यांच्या नावाचा पुरस्कार! पण पुरस्कार मिळाला म्हणून कामं मोठी झाली नाहीत. १९७८ च्या 'खट्टा मीठा'त ती आहे, आणि ज्याला ती कोण हे माहीत नाही त्याला ती लक्षातही येणार नाही. तिने एक मुलगी दत्तक घेतली होती. १० ऑक्टोबर १९८३ ला मुंबईत ती वारली. २०१३ मध्ये भारतीय सिनेमाची शंभरी झाली तेव्हा टपाल खात्याने पन्नास कलाकारांची तिकिटं काढली, त्यात तिचंही आहे.

तिचं काही बघायचं असेल तर इंटरनेटवर शोधून 'जुगनू' आधी बघावा असं मी सांगेन, 'अनारकली' त्याच्यानंतर. जोधाबाईचं काम कुणीही केलं असतं. 'जुगनू'त ती चाळिशीतली बाई आहे, तिच्यावर कुणीतरी भाळलेलं आहे आणि तिला त्याची गंमत वाटते आहे, आणि हे तिच्यावाचून त्या काळात दुसऱ्या कुणी केलं असतं असं मला वाटत नाही.